कमरेचा खराटा सुटला, पण वाटेवर खूण कोण ठेवणार?

मलेशियातील क्वालालंपूर शहरात ब्रिकफिल्ड्स भागात एक जुने बुद्धविहार आहे. गेल्या वर्षी तेथे वंदनेला जाण्याचा योग आला. मुक्काम पुतण्याकडे होता. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेला हा मुलगा आज तिकडे कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "काका, आमच्या क्लबासोबत पळायला चला." मी फुटाळ्याच्या काठाने सावकाश चालणारा माणूस, पळणार कसा? तो हसला. "हा खेळ मागे राहणाऱ्यांना सोबत घेऊनच चालतो."

या खेळाचा जन्म त्याच शहरात 1938 मध्ये झाला. गिस्पर्ट नावाच्या हिशेबतपासनिसाने काही ब्रिटिश मित्रांसह 'हॅश हाऊस हॅरिअर्स' हा क्लब काढला. आधी हे सांगितले पाहिजे की तो राज्यकर्त्या साहेबांचा विरंगुळा होता. रबराच्या मळ्यांत तमिळ मजूर घाम गाळत होते, तेव्हा साहेब मौजेखातर धावत होते. बायकांनाही सुरुवातीला त्यात जागा नव्हती. आज मात्र असे क्लब अनेक देशांत आहेत आणि परगावच्या पाहुण्यालाही ते सामावून घेतात.

खेळ साधा आहे. एक जण 'ससा' होऊन पुढे जातो आणि रानवाटेवर पिठाच्या किंवा कागदाच्या खुणा टाकतो. बाकीचे त्या खुणांवरून धावतात. फाट्यावर खूण तुटते. काही खुणा मुद्दाम फसव्या असतात. वेगाने धावणारे चहूकडे पांगून खरी वाट शोधतात, तोवर मागचे येऊन पोहोचतात. वाट सापडली की पुढचा ओरडतो, "ऑन ऑन!" त्या हाकेवर सारा जथा पुन्हा चालू लागतो. घड्याळ नाही, बक्षीस नाही. मी सर्वांत मागे होतो, पण एकदाही एकटा पडलो नाही.

तिथे कोणी माझे आडनाव विचारले नाही. उलट क्लबात प्रत्येकाला एक गमतीचे टोपणनाव मिळते आणि तेच चालते. शेवटी बिअर वाटली गेली. मी पंचशील पाळणारा, पाणी मागितले. कोणी कारण विचारले नाही. आपल्याकडे भाड्याने खोली बघायला गेलेल्या पोराला 'आडनाव काय?' हा पहिला प्रश्न असतो. अर्थात, दोन तासांच्या समतेने मी भारावून गेलो नाही. बाबासाहेब 1913 मध्ये अमेरिकेला गेले, तेथे माणूस म्हणून वावरले. 1917 मध्ये परतल्यावर बडोद्यात त्याच विद्वानाला राहायला जागा मिळेना. परदेशातली समता पेटीत भरून आणता येत नाही.

पण त्या पिठाच्या खुणा मनातून जात नाहीत. पेशवाईत पुण्यात आमच्या पूर्वजांना कमरेला खराटा बांधून, मागची धूळ झाडत चालावे लागे, असे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या 1936 च्या ग्रंथात नोंदवले आहे. म्हणजे आपण चाललो याची निशाणीही जमिनीवर उरू द्यायची नव्हती. तो खराटा बाबासाहेबांनी सोडवला. मग आज शिकून पुढे गेलेले आपलेच काही बांधव स्वतःच्या हाताने स्वतःची पावले का पुसत आहेत?

आडनाव बदलायचे, वस्तीचे नाव घ्यायचे नाही, विहाराकडे फिरकायचे नाही! यामागची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. जात विमानात बसून परदेशी पोहोचली आहे, म्हणून तर अमेरिकेतील सिएटल शहराला 2023 मध्ये जातीय भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. स्वतःला वाचवणे हा गुन्हा नाही. पण मागच्याची वाट बुजवणे हा आहे. 1956 मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती हीच होती.

खूण ठेवणे फार अवघड नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण अर्ज कसा भरावा, विद्यापीठ कसे निवडावे, शिफारसपत्र कसे मागावे, हे पाचपावलीच्या मुलीला कोण सांगणार? तिकडे उतरल्यावर पहिल्या आठ दिवसांची सोय कोण करणार? फसव्या वाटा कोणत्या, लुबाडणारे दलाल कोणते, हे त्या वाटेने गेलेल्यालाच माहीत असते. त्याने एक फोन नंबर विहारात देऊन ठेवावा, दर महिन्याला एक तास द्यावा.

आणि हो, हा खेळही आपण खेळावा. रविवारी सकाळी विहारातून मुलामुलींनी निघावे. आपल्याकडे पीठ उधळणे कोणाला पटणार नाही, तेव्हा चुन्याची फक्की घ्यावी. सेमिनरी हिल्सच्या वाटा जवळच आहेत. धावता धावता पोरांना एवढे कळले तरी पुरे, की पुढे असणाऱ्याचे पहिले काम मागच्याला हाक देणे हे आहे.

पुतण्याला निघताना हेच सांगितले. तो गप्प राहिला. परवा त्याचा फोन आला, "काका, वस्तीतल्या कोणाला अर्ज भरायचा असेल तर माझा नंबर द्या."

जयभीम!