डायलवर नाव कोणाचे?

चामटोलीतल्या एका तरुणाने सुटे भाग आणून घरच्या घरी मनगटी घड्याळ जोडले. आठ कोनांचे कडे, कड्यावर आठ स्क्रू, मध्ये निळी डायल. स्वित्झर्लंडच्या ओदमार पिगे कंपनीचे 'रॉयल ओक' नावाचे लाखो रुपयांचे घड्याळ आहे, त्याच्या धर्तीवर. यावरून गावात दोन मते पडली. जुनी माणसे म्हणतात, एवढ्या वेळात बांधबंदिस्ती झाली असती. त्याचे दोस्त म्हणतात, डायलवर त्या कंपनीचे नाव छापून घे, उल्हासनगरात हातोहात खपेल. शेतकरी बंधूंनो, मला ही दोन्ही मते पटत नाहीत. घड्याळ हा काय शेतीखात्याच्या माणसाचा विषय आहे, असे तुम्ही म्हणाल. आहे, पुढे वाचा.

आधी त्याने काय केले ते समजून घ्या. आतले मशीन त्याने बनवलेले नाही. ते जपानच्या सायको घराण्यातले, 'एनएच 35' नावाचे, सुटे विकत मिळते. हाताच्या हालचालीने त्याला आपोआप चावी बसते आणि पूर्ण चावी बसली की काढून ठेवले तरी सुमारे 41 तास चालते. केस, काच, डायल, काटे, पट्टा हे सगळेही विकतचे. मग त्याचे त्यात काय, असे विचाराल तर कलम बांधणाऱ्याचे तरी काय असते? खुंट एकाचा, काडी दुसऱ्याची, पण जीव धरतो तो बांधणाऱ्याच्या हातामुळे.

इथेही तसेच आहे. चावी फिरवत फिरवत तारीख पालटू द्यायची आणि पालटल्याक्षणी तास-मिनिटांचे काटे बरोबर बारावर बसवायचे. हे चुकले तर मालकाची तारीख भरदुपारी बदलणार! तिन्ही काटे एकावर एक, पण एकमेकांना लागता कामा नयेत. चावीची दांडी मुद्दाम लांब येते. ती थोडी थोडी कापायची, कानशीने घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. एकदा आखूड झाली की फेकायची आणि नवी आणायची. डायलवर बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण राहिला तर काच बसल्यावर तो जन्मभर दिसतो, म्हणून भाताची मळणी चालू असलेल्या घरात हे काम होत नाही. मागच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसली नाही तर पाणी आत जाते. तेव्हा पाण्याची चाचणी झाल्याशिवाय असले घड्याळ घालून कोणी चिखलणीला उतरू नये, हे आपले जाता जाता सांगितले.

आता नकलेचा प्रश्न. 'रॉयल ओक' 1972 साली आले. आराखडा जेराल्ड जेंटा या कारागिराचा. कड्यावरच्या स्क्रूंची कल्पना त्याने जुन्या पाणबुड्यांच्या शिरस्त्राणावरून घेतली, असे सांगतात. म्हणजे त्यानेही कुठून तरी घेतलेच की! दुसऱ्याचे चांगले बघून आपण करून पाहणे ही चोरी नव्हे. आपल्याकडे डिझाईन कायदा, 2000 प्रमाणे नोंदलेल्या आराखड्याला 10 वर्षे आणि वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. नावाचे आणि चिन्हाचे तसे नाही. व्यापारचिन्ह कायदा, 1999 प्रमाणे ती नोंदणी दर 10 वर्षांनी वाढवत नेता येते, आणि या कायद्यात मालाचा आकारसुद्धा चिन्ह म्हणून नोंदवता येतो. दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने लावले तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. तेव्हा स्वतःच्या मनगटावर घालायला एक घड्याळ जोडणे निराळे आणि विकायला दहा जोडणे निराळे. विकायची असतील तर आकारही आपला काढावा, निदान जाणत्या वकिलाला विचारून पाऊल टाकावे.

आणि इथेच माझे खाते येते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 च्या कलम 39 ने तुम्हाला मोठा हक्क दिला आहे. वाण संरक्षित असले तरी आपल्या शेतातले बियाणे तुम्ही राखू शकता, पेरू शकता, शेजाऱ्याला देऊ शकता, विकूही शकता. अट एकच, ते ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून, लेबल लावून विकायचे नाही. बघा, घड्याळाची रेघ आणि बियाण्याची रेघ एकाच जागी पडते. दाणा तुमचा, पण पिशवीवरचे नाव ज्याचे त्याचे. खरिपाच्या तोंडावर नकली पिशवीने फसलेला शेतकरी आमच्यासमोर येऊन बसतो, तेव्हा हंगाम गेलेला असतो. असल्या पिशव्या छापणाऱ्याला आपण शिव्या देतो. मग आपल्याच गावचा पोरगा खोटे नाव छापू लागला तर त्याला हुशार कसे म्हणायचे?

उल्हासनगरची 'मेड इन यूएसए'ची चेष्टा सगळ्यांना पाठ आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! पण फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी 1949 साली नाव मिळालेले ते शहर नुसत्या हातांच्या जोरावर उभे केले, हे त्या चेष्टेत झाकून जाते. नकलेचा शिक्का बसला की नुकसान होते ते त्याच गल्लीत आपल्या नावाने चोख माल करणाऱ्याचे.

जुन्या मंडळींनाही माझे सांगणे आहे. आवणी चार दिवसांची, लावणी संपली की पुढे काय? आपल्या भागात जमिनी प्लॉटांत गेल्या, उरलेल्या गुंठ्यांवर घर चालत नाही. मुले बदलापूरहून लोकल धरतात. बारीक हातकाम आपल्या पट्ट्याला नवे नाही. अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, तिथे आपली माणसे कामाला लागली. घड्याळजी मात्र दिसेनासे झाले. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळे काढायला सुरुवात केली, आणि 2016 च्या जानेवारीत केंद्राने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. 'जनता' आणि 'पायलट' आता हौशी लोक शोधत फिरतात. ती उघडून साफ करणारे हात कुठे आहेत?

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरी घेतल्या. त्यात कुलूप दुरुस्त करणारा आहे, हार करणारा माळी आहे, घड्याळजी नाही. हे मला बरोबर वाटत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घेऊन ठराव वर पाठवायला हरकत काय? कागद पाठवायला खर्च येत नाही.

त्या तरुणाची डायल अजून कोरी आहे. नाव कुठले घालायचे ते त्याचे त्याने ठरवावे, 'चामटोली' ही चार अक्षरे त्यावर सहज मावतील. दरम्यान, ज्यांच्या पेटीत वडिलांचे बंद पडलेले एचएमटी असेल त्यांनी ते भंगारात देऊ नये. त्याला सरावाला घड्याळे हवी आहेत.