आपली वाहिनी कुणाच्या बळावर?



धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणे झेपत नाही अशी म्हातारी माणसे आता घरबसल्या टीव्हीवर सोहळा पाहतात, हात जोडून वंदना म्हणतात. ही सोय ज्यांनी केली त्या ‘लॉर्ड बुद्धा’ आणि ‘आवाज इंडिया’ या वाहिन्या आपल्या नागपुरातूनच सुरू झाल्या. याचा आपल्याला अभिमान आहे. पण वाहिनी चालते कशी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

देशात टीव्ही आला 15 सप्टेंबर 1959 रोजी, दिल्लीत. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. काय दाखवायचे ते सरकार ठरवी. पुढे 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही.

लहरी जनतेच्या झाल्या खऱ्या, पण जनतेतल्या गरिबाचे काय? सरकारी नियमाप्रमाणे बातम्यांखेरीज इतर कार्यक्रमांची वाहिनी काढायला कंपनीचे नक्त मूल्य 5 कोटी रुपये हवे. बातम्यांची काढायची तर 20 कोटी! म्हणजे भजन-कीर्तन दाखवणे स्वस्त आणि अत्याचाराची बातमी देणे चौपट महाग. रेडिओसाठी 2006 पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थेलाही सामुदायिक केंद्राचा परवाना मिळू शकतो. टीव्हीला तशी सोय नाही.

परवाना मिळाला तरी खर्च संपत नाही. उपग्रहाचे भाडे असते. आपली वाहिनी घरोघर पोहोचवण्यासाठी केबलवाल्यालाही पैसे मोजावे लागतात. मोठ्या वाहिन्यांना साबण-तेलाच्या जाहिराती पोसतात. आपल्याला कोण पोसणार?

बाबासाहेबांपुढेही हाच प्रश्न होता. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली. तरी ते पत्र 1923 मध्ये बंद पडले. 1927 चे ‘बहिष्कृत भारत’ही दोन-अडीच वर्षांतच थांबले. लेखणी समर्थ होती, वर्गणी अपुरी पडली.

म्हणून माता-भगिनींना विनंती आहे. आपली वाहिनी दिसत नसेल तर केबलवाल्याला ठणकावून विचारा. महिन्याचे पैसे आपण देतो. वस्तीतल्या दुकानदाराला, मंगल कार्यालयवाल्याला छोटी जाहिरात द्यायला सांगा. विहारात वाहिनीसाठी वर्गणी जमली तर हिशेबही मागा. आणि नुसत्या गाण्यांवर समाधान मानू नका. मुलांच्या शिक्षणाचे, शिष्यवृत्तीचे, कामगारांच्या हक्कांचे कार्यक्रम हवेत, असे पत्राने, फोनने कळवा. पैसा आपला असेल तरच आपल्या शब्दाला तिथे वजन राहील.