पेशींचा मेगाब्लॉक

आम्हा कुर्लेकरांना रविवारचा मेगाब्लॉक काही नवा नाही. रेल्वेला शिव्या घालतो खरं, पण रूळ तसाच तुटका ठेवून गाडी सोडा असं कुणी म्हणत नाही. पेशीसुद्धा हेच करते बघा. डीएनए तुटला की विभाजन थांबवते, आधी जोडकाम उरकते.

हे जोडकाम करणारं विकर म्हणजे लायगेज. माणसात त्याची तीन जनुकं आहेत. त्यातलं चौथ्या क्रमांकाचं लायगेज डीएनएचे दोन्ही धागे तुटले की टोकाला टोक जोडतं. त्यात जन्मजात दोष असेल तर डोकं लहान राहू शकतं, प्रतिकारशक्ती कमी पडते आणि किरणोपचार सोसत नाही. ल्युकेमिया झालेला १४ वर्षांचा एक मुलगा नेहमीच्या किरणोपचारानेच दगावला. १९९० साली त्याची नोंद झाली. दोष या जनुकात होता, हे कळलं १९९९ मध्ये.

मुद्दा इथेच आहे. आधी निदान, मग उपचार.

याच घराण्यातला आजार फॅन्कोनी ॲनिमिया. यात डीएनएच्या दोन धाग्यांमधली चुकीची गाठ सोडवता येत नाही, आणि पुढे अस्थिमज्जा थकते. प्रत्यारोपणाआधीच्या औषधांची नेहमीची मात्रा अशा मुलाच्या जिवावर उठू शकते. सख्खं भावंडं दाता म्हणून निवडलं, तर त्यालाही हाच आजार नाही ना, ते तपासावं लागतं. चाचणी काय, तर रक्तातल्या पेशींना मायटोमायसिन-सी द्यायचं आणि गुणसूत्रं किती तुटतात ते मोजायचं. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था या आजारावर काम करत आलीय. कुर्ल्याहून स्लो लोकलने चौथं स्टेशन!

दुर्मिळ आजारासाठी सगळ्यांची चाचणी कशाला, असं कुणी म्हणेल. सगळ्यांची नकोच. पण मज्जा निकामी झालेल्या प्रत्येक मुलाची ही चाचणी पहिल्या जालीम औषधाआधी व्हावी, आणि सरकारी खर्चाने व्हावी. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फॅन्कोनी पहिल्या गटात आहे, २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. पण निदानच झालं नाही तर ती मागणार कशाच्या जोरावर?

आणि एक. बहुतेक वेळा हा दोष आई-बाप दोघांकडून येतो, दोघेही स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला धोका चारात एक. मामे-आते भावंडांच्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावणं बंद करा राव.