सूट दिसली म्हणून टोकन नको

मंदीत बिल्डर सूट देतो आहे, तर लगेच टोकन द्या, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला धोक्याचा आहे.

२०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १३नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तरीही साध्या पावतीवर आयुष्याची पुंजी सोपवणारी कुटुंबे आहेत, याचे फार वाईट वाटते. ताबा रखडल्यास कलम १८ व्याजासह परतावा मागण्याचा हक्क देते. पण हक्क हाती येईपर्यंत राहायचे कुठे? नोएडात आम्रपाली या बिल्डर कंपनीचे हजारो ग्राहक वर्षानुवर्षे अडकले. अखेर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची रेरा नोंदणी रद्द करून अर्धवट घरे एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवली.

पगारदारांनी आधी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली घरे पाहावीत. बिल्डरकडून अशी तयार घरे घेताना जीएसटीही लागत नाही.