पिशवीचं आता काय काम?

गेल्या रविवारी सकाळी शहाद्याहून आईचा फोन. चुलतवहिनीला (वय ३४, मुलं दोन) अंगावरून पांढरं जायचा त्रास आहे. डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि म्हणाला, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. आईचं मत तयारच होतं. "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? मी नाही का काढली?"

हो, काढली. १९९८ साली. नंदुरबार नुकताच धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला होता, मी नववीत होतो, आई ३७ची. 'कॅन्सर होता होता वाचल्या' असं डॉक्टर म्हणाला आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले. मध्यंतरी विम्याच्या कामासाठी तिची जुनी फाईल चाळली... सोनोग्राफी आहे, बिल आहे, डिस्चार्ज कार्ड आहे. पॅप टेस्ट नाही, बायॉप्सी नाही, काढलेल्या पिशवीचा लॅब रिपोर्टही नाही. म्हणजे कॅन्सर कुणी शोधलाच नव्हता! दोन्ही अंडाशयं मात्र सोबत काढली, हे कार्डावर स्वच्छ लिहिलंय. पाळी एका दिवसात बंद. ४९व्या वर्षी घरातल्या घरात पडून मनगट मोडलं, तेव्हा आम्ही दोष दिला तिच्या चपलेला.

हापिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "पण अँजेलिना जोलीनेही काढलंच ना?" काढलं ना. २०१५ साली, अंडाशयं आणि नलिका. पण तिच्यात बीआरसीए१ जनुकातला दोष तपासणीत सापडला होता, आई, आजी, मावशी कॅन्सरने गेल्या होत्या. आणि गर्भाशय तिने ठेवलं, कारण घराण्यात तो कॅन्सर नव्हता. याला म्हणतात प्रतिबंधक शस्त्रक्रिया. जिला खरंच धोका आहे तिला ती मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो 'कॅन्सर' हा एक शब्द टाकून चालवलेल्या दुकानाशी.

हे दुकान केवढं मोठं आहे ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांचं सरकारी सर्वेक्षण झालं. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सहातल्या एकीची! त्यांनाही कॅन्सरचीच भीती घातलेली. वर फडावर संडास नाही, पाणी नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. मग पाळीच नको, असं वाटलं तर नवल काय? आमच्या नंदुरबारमधूनही दरसाल हजारो जोडपी कोयता घेऊन बारडोलीकडच्या कारखान्यांवर जातात. त्यांच्या बायकांना कोण काय सांगतं, कुणी मोजलंय?

आणि खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. बीडच्या शेजारीच उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. तिथे टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी आणि दोष दिसला तर वेळीच उपचार, एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशव्या सरसकट न काढता! हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही, विषाणू शिरल्यापासून बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढा वेळ हातात असताना थेट सुरी? आपल्याकडे कुणी ज्युनियरने लॉग न बघता प्रोडक्शनचा डेटाबेस उडवायचा म्हटलं तर त्याला खुर्चीवरून उठवू की नाही?

'खेड्यातल्या बायका अडाणी, विचारत नाहीत,' हेही हापिसातच ऐकलं. आमच्या घरी बाबा हेडमास्तर होते. त्यांनीही विचारलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अनावश्यक पिशव्या काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली, पण आमच्या गल्लीत ती कुणाला माहीत आहेत?

असो. वहिनीशी तासभर बोललो. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं आणि गोळ्यांनी बरं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मंगळवारी ती नंदुरबारच्या सिव्हिलला तपासणीला जातेय. आईला मी तिच्या फाईलबद्दलही सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल रात्री फोन आला, "मंगळवारी मी जाते तिच्यासोबत. माझं ते कार्ड तेवढं कुरियर कर."