पत्र्यापर्यंत घासण्याचा हट्ट कशासाठी?



जुन्या मोटारींच्या रंगकामावरील आपल्या लेखात ‘सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत काढल्याशिवाय नवा टिकत नाही’ असे ठासून सांगितले आहे. हा सल्ला सरसकट पाळला तर गाडीचे नुकसान होईल आणि रंगाऱ्याचे त्याहून जास्त.

गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना सर्वांत खाली ई-कोट असतो. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून, वीजप्रवाह सोडून तो चढवतात. जाडी जेमतेम वीस मायक्रॉन, पण गंज अडवतो तो हाच. एकदा घासून टाकला की गल्लीतल्या गॅरेजात तो परत मिळत नाही. ब्लेडच्या टोकाने रंगाचा काठ उचलून पाहावा. पापुद्रा सुटत नसेल तर 320 नंबरच्या वॉटर पेपरने घासून त्यावरच काम करावे. गंज, फुगे, भेगा असतील तिथे मात्र पत्रा उघडा करावाच लागतो, पण तेवढ्याच जागी. कोकणात पावसाळ्यात असा पत्रा रात्रभर प्रायमरविना राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते.

ग्राइंडर जोरात फिरवला की बॉनेटचा पाऊण मिलिमीटरचा पत्रा तापून वाकतो आणि मग तो वाक लपवायला पुट्टीचे थर! केमिकल रिमूव्हर दाराच्या दुमडलेल्या कडेत शिरून बसतो. नीट धुतला गेला नाही, तर पुढे तिथूनच नवा रंग फुगतो.

शिवाय रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असेल, तर श्वासातून गेलेल्या वाफेपासून शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही. अमेरिकेने अशा रिमूव्हरची सामान्य ग्राहकांना विक्री 2019 साली बंद केली. आपल्याकडे बंद शटरआड पोरे तो ब्रशने फासतात. कोरडे घासले तर जुन्या पिवळ्या-लाल रंगांतले शिसे धुळीबरोबर छातीत जाण्याची भीती. भारतात 2016 च्या नियमांनी शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घातली खरी, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. मोटारींचे रंग त्यातून सुटले.

ही मर्यादा वाहनांच्या रंगांनाही लावावी. तोवर ग्राहकांनी एवढे तरी करावे: एस्टिमेट घेताना कोणता भाग पत्र्यापर्यंत उघडणार, कशाने आणि का, हे गॅरेजवाल्याकडून लिहून घ्यावे.

— एक वाचक, रत्नागिरी