तिकिटाआधी कार्डाचं बघा

जुहू स्कीमच्या जुन्या सोसायट्यांत कपाटात ग्रीन कार्ड ठेवलेली घरं शोधायला फार फिरावं लागत नाही. मुलाने बोलावलं, कार्ड मिळालं, काही वर्षं ये-जा झाली. मग गुडघे, मग कोविड, मग आपलेच डॉक्टर बरे, असं करत मुक्काम इथेच पडला. आता नातीचं ग्रॅज्युएशन आलंय आणि कार्डावरची तारीख अजून पुढची दिसतेय. मग काय, काढा तिकीट!

थांबा. ती तारीख कार्डाची आहे, तुमच्या हक्काची नाही. सलग वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलात, तर परत प्रवेशासाठी नुसतं कार्ड चालत नाही. री-एंट्री परमिट साधारण २ वर्षांचं मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. आणि ‘वर्षातून एकदा तोंड दाखवून आलं की झालं’ हा गच्चीवरचा सल्ला गच्चीवरच सोडा. तुमचं खरं घर कुठे आहे, हे तिथला अधिकारी बघतो.

पुन्हा कायमचं राहायचंच असेल तर बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत एसबी-१ (परतणाऱ्या रहिवाशाच्या) व्हिसासाठी अर्ज करता येतो. पण परतणं तुमच्या हातात नव्हतं, हे कागदांनिशी दाखवावं लागतं. हॉस्पिटलचे कागद चालतील. ‘इथेच करमलं’ हे कारण नव्हे.

बहुतेक आजी-आजोबांना मात्र चार महिने राहून परत यायचं असतं. त्यांनी सरळ आय-४०७ फॉर्म भरून कार्ड सरेंडर करावं आणि व्हिजिटर व्हिसा मागावा. फॉर्मला फी नाही. नवरा-बायकोंनी आपापला वेगळा भरायचा. व्हिसाची हमी कोणी देणार नाही, पण राहायला जायचं नाही हे सांगायला सरेंडरचा कागद उपयोगी पडतो. व्हिसाच्या अर्जात जुनं कार्ड लपवू नका. सगळी नोंद त्यांच्याकडे आहेच. कार्ड सोडलं म्हणजे दार कायमचं बंद, असंही नाही. मूल तिथलं नागरिक आणि २१ वर्षांचं असेल तर ते पुन्हा अर्ज करू शकतं, आणि आई-वडिलांना कोट्याची रांग नसते.

सही करण्याआधी मात्र टॅक्सचं विचारून घ्या. गेल्या १५ पैकी ८ वर्षं कार्ड असलं, तर एक्झिट टॅक्सचे नियम लागू शकतात. उलट, सरेंडर न करता कार्ड नुसतं पडून राहिलं, तर तिथे रिटर्न भरायची जबाबदारी सहसा संपत नाही. आणि सरेंडर न करताच गेलात, तिथल्या विमानतळावर कोणी हाच आय-४०७ फॉर्म पुढे केला, तर सही न करता इमिग्रेशन जजसमोर सुनावणी मागता येते. पण बीपीची गोळी चुकलेल्या माणसाने लांबच्या प्रवासानंतर तिथे भांडायची वेळ का आणावी?

कॅनडाचा हिशेब ५ वर्षांत ७३० दिवसांचा. तिथे पीआर (कायम रहिवाशाचा दर्जा) आपोआप जात नाही आणि असेपर्यंत व्हिजिटर व्हिसाही मिळत नाही. ब्रिटनचं आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) सलग २ वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यावर सहसा आपोआप जातं.

तेव्हा येत्या रविवारी सगळे पासपोर्ट काढा. अमेरिकेतून निघताना शिक्का बसत नाही, म्हणून मुंबईत उतरल्याचे शिक्के बघून तारखा एका कागदावर लिहा. तो कागद ट्रॅव्हल एजंटला नको, इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. तिकीट त्यानंतर.